माळाला रफू

प्रिय आई,

हे 'प्रिय' सवयीने लिहून गेलंय. खोडणार नाही, पण त्याचा फार अर्थही लावू नकोस. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. फोनवर ते धड सांगता आलं नाही, कारण फोनवर तू रडायला लागतेस, मग मलाच तुझी समजूत काढावी लागते, आणि ठेवता ठेवता तू मला वेळेवर जेवत जा म्हणून सांगतेस. माझा राग तिथेच अर्धवट राहतो. तो अर्धवट राग घेऊन मी सध्या ऑफिसात दिसेल त्याच्यावर खेकसते आहे. झाडूवाल्या मावशी परवा माझ्या खोलीत यायच्या आधी दारातून डोकावून माझं तोंड बघत होत्या. म्हणून कागद घेतला. आता मध्येच बोलू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू माझ्या माळावर फुलपाखरं सोडलीस. मला न सांगता, मी परिषदेला गेलेली असताना, बुटांच्या खोक्यांतून आणून सोडलीस, आणि इतके दिवस मूग गिळून बसलीस. मूग गिळून तरी कसं म्हणू? मी सहज विचारलं होतं की तुझ्या गावामागच्या टेकडीवरून कुणी विटकरी फुलपाखरं पकडून नेल्याचं कानावर आलं होतं का, तर तू केवढ्या खुशीत म्हणालीस, अगं ठमे, मीच ती! थोडंसं रफू केलं, एवढंच. तुला कळलंसुद्धा नाही ना? गिऱ्हाइकाला कोट परत देताना विचारतेस ना, अगदी त्याच सुरात. माझ्या पायाखालची जमीन सरकत होती आणि तू शाबासकीची वाट बघत होतीस.

रफूचं तुला मी काय सांगणार? जन्मभर तू तेच केलंस. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तुझं ते बुटकं टेबल, मांडीवर कुणाचा तरी कोट, आणि तोंडात सुई. कसर लागलेलं, सिगरेटने जळलेलं, खिळ्यात अडकून फाटलेलं सगळं तुझ्याकडे यायचं. बाहेरून दोरा विकत आणून रफू करणाऱ्यांना तू नावं ठेवायचीस. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून धागा उसवून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत जायचं, म्हणजे रंगात आणि विणीत फरक पडत नाही. रफू दिसलं तर ते रफू कसलं, ठिगळच ते, असं तू म्हणायचीस. मला लहानपणी तुझा फार अभिमान वाटायचा. कोट न्यायला आलेली माणसं भोक शोधत बसायची आणि तू गालात हसायचीस. आज त्या माणसांच्या जागी मी आहे, आणि मला मुळीच हसू येत नाही.

कारण माळ म्हणजे कोट नव्हे, आई. हे मी तुला पहिल्यांदा सांगत नाही. तू माझ्याबरोबर किती वसंत त्या माळावर काढलेस. दादा म्हणायचा, आईला या वयात काय उन्हातान्हात नेतेस, आणि तू त्याला गप्प बसवून टोपी घालून माझ्या आधी दारात उभी असायचीस. तुझ्या बोटांसारखी बोटं माझ्या एकाही विद्यार्थ्याला नाहीत. जाळीतलं फुलपाखरू तू असं उचलायचीस की पंखावरची भुकटीसुद्धा हलत नसे. मी पंखावर पेनाने खूण करायची, कडेचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा कापून कुपीत ठेवायची, आणि तू मूठ उघडून त्याला सोडायचीस. विटकरी हे नावही तूच दिलंस. शास्त्रातलं नाव तुझ्या जिभेला जड जायचं, आणि रंग तर खरंच जुन्या विटेचा. झाडांनाही तूच नावं दिलीस. मूळची, जमिनीलगतची, निळ्या फुलांची ती निळी बुटकी. आणि गुरांच्या खुरांना आणि गाड्यांच्या चाकांना लागून कुठून कुठून आलेलं ते रुंद पानांचं तण म्हणजे पसरी. माझ्या हाताखालची मुलं आजही हीच नावं वापरतात.

तेव्हा मी काय बघत होते हे तुला माझ्या कुठल्याही साहेबापेक्षा चांगलं माहीत होतं. विटकरीची मादी पूर्वी फक्त निळ्या बुटकीवर अंडी घालायची. पण निळी बुटकी ऊन चढलं की वाळते आणि अर्ध्या अळ्या उपाशी मरतात. पसरी मात्र उन्हाळ्यातही हिरवी राहते. काही माद्या चुकून म्हण, आवड म्हणून म्हण, पसरीवर अंडी घालायला लागल्या. त्यांची पिल्लं जगली आणि त्या पिल्लांनाही पसरीच आवडायला लागली. वर्षागणिक माळाची आवडच बदलत गेली. एकेक मादी जाळीच्या टोपलीखाली ठेवून, आधी एका झाडावर मग दुसऱ्यावर, ती कुठे टेकते आणि कुठे अंडी घालायला पोट वाकवते हे आपण दोघींनी डोळ्यांनी बघितलंय. दगडांच्या थरांत वाचायची गोष्ट आपल्यासमोर चालता-बोलता घडत होती. तू एकदा म्हणाली होतीस की मला वाटायचं उत्क्रांती म्हणजे माकडांचं काहीतरी असतं, ही तर आपल्या परसातली निघाली. ते वाक्य मी प्रत्येक भाषणात सांगते. सांगत होते.

मग माळाच्या मालकाने गुरं विकली. चरायला कुणी नाही म्हटल्यावर गवत कमरेएवढं वाढलं, त्याखाली पसरी झाकली गेली, जमीन थंड पडली आणि अळ्या पटापट मेल्या. ज्या पसरीने त्यांना वर काढलं तिनेच आता खड्ड्यात घातलं होतं. खरा प्रश्न इथेच सुरू होत होता. माझ्या सगळ्या कामाचा तोच प्रश्न होता. एकदा बदललेली आवड परत फिरते का? ज्या थोड्यांना अजून निळी बुटकी चालते त्या माळ सावरतात, की तेवढ्याला आता उशीर झालेला असतो? हे जगात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं, कारण त्यासाठी आधीची इतकी वर्षं कुणीतरी बघत बसलेलं असावं लागतं. आपण बसलो होतो.

आणि त्यानंतरच्या वसंतात एकही फुलपाखरू दिसलं नाही. तू तेव्हा माझ्याकडेच होतीस. मी माळावरून यायचे आणि बूट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहायचे, हे तू बघितलंस. मला वाईट वाटत होतं हे खरं आहे. रोज पायाखालचं माहीत असलेलं काही संपताना बघायचं म्हणजे वाईट वाटणारच. पण ते वाईट वाटणं माझ्या कामाचाच भाग होता, आई! डॉक्टरला वाईट वाटत नाही का? म्हणून काय त्याची आई रोग्याच्या जागी दुसरा धडधाकट माणूस आणून झोपवते?

तू नेमकं तेच केलंस. घरी परत गेलीस, टेकडी चढलीस, निळ्या बुटकीवरच्या अळ्या गोळा केल्यास आणि पुढचा वसंत येईपर्यंत गॅलरीत जाळीखाली सांभाळल्यास. माझ्या संस्थेतल्या शिकलेल्या पोरांच्या हातून निम्म्याहून जास्त मरतात. तुझ्या हातून मेल्या नसणार, याचाही मला राग येतो. मी परिषदेला गेल्याचं बघून बसने खोकी घेऊन आलीस आणि माझ्याच किल्लीने माझ्या घरात राहून त्यांना माळावर सोडून गेलीस. जाताना माझ्या पडद्यांना टीप मारून गेलीस. तेवढं मात्र चिठ्ठी लिहून कळवलंस.

मी परत आले तर माळावर विटकरी उडत होती. काय वर्णन करू? मी गवतात बसून मोठ्याने रडले. सगळ्यात आधी फोन कुणाला केला? तुला. तू पलीकडून म्हणालीस, बघ, देव असतो. देव! टोपलीखाली ठेवून बघितलं तर जवळजवळ सगळ्याच निळ्या बुटकीवर टेकल्या. एकदम इतक्या कुठून आल्या, असं मनात आलं होतं. पण अळ्या कधीकधी एक वर्ष जास्त झोपून काढतात, तशाच या झोपून उठल्या असतील, असं मी पटवून घेतलं. आणि माळाची आवड एका पिढीत परत फिरली, असा लेख लिहिला. तो गाजला. परदेशातून पत्रं आली. कुठल्या कुठल्या वर्गांत तो शिकवतात. निसर्ग स्वतःच स्वतःला सावरतो हे माणसांना ऐकायचंच असतं, आणि मी ते आकडेवारीसकट सांगत होते. लेखात शेवटी तुझे आभारही मानले आहेत. तू ते कापून काचेच्या फ्रेममध्ये लावलंस. फ्रेम लावताना तुझा हात कसा थरथरला नाही, हे मला समजून घ्यायचं आहे.

पकडलं भिंगवाल्याने. आमच्या प्रयोगशाळेतला, खिशात कायम भिंग ठेवणारा. तुला आवडतो तो, दोनदा वाढून घेतो म्हणून. त्याने कुप्यांमधले जुने-नवे पंखांचे तुकडे तपासायला घेतले, कुणाचा वंश कुणाकडून आला ते लावायला. एक दिवस माझ्या खोलीत आला आणि बसेचना. म्हणाला, ही तुमच्या माळाची नाहीत. आधी मी त्याच्यावरच उखडले. नाकाने कांदे सोलू नकोस, पुन्हा तपास, म्हटलं. त्याने बिचाऱ्याने पुन्हा तपासलं. आणि तुझ्या गावच्या टेकडीवरून आम्ही पूर्वी तुलनेसाठी आणून ठेवलेल्या तुकड्यांशी ताडून बघितलं, तर तंतोतंत.

तुझी चूक कुठे झाली, तेही सांगते. तुला वाटलं, विटकरी ती विटकरी. त्याच कोटाच्या शिवणीतला धागा. तो त्याच कोटाचा नव्हता, आई. टेकडीवर गुरं कधी गेलीच नाहीत, पसरी तिथे उगवलीच नाही. तिथल्या विटकरीची आवड कधी बदललीच नव्हती, तर ती परत फिरणार कुठून? दिसायला सारखा, विणीला सारखा, पण निराळ्याच कापडाचा धागा तू घातलास. तुझ्यासारखी बाई, जी अंधारात नुसत्या बोटांनी कापड ओळखते!

लेख गेला, नाव गेलं, हे मी सोसलं असतं. खरंच. चिडले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि सोडून दिलं असतं. पण भिंगवाला थांबला नाही. विटकरी परत दिसली त्या पहिल्याच वसंतातल्या तुकड्यांमध्ये त्याला काही थोडी अशी सापडली जी टेकडीची नव्हती. ती माझी होती. जुन्या माळाची. आई, ती संपली नव्हती! मला दिसली नव्हती, एवढंच. ती दगडी कुंपणाला चिकटून राहिली होती, जिथे गवत वाढत नाही आणि दगड तापतात. आणि त्या माद्या मला आता लख्ख आठवतात, कारण टोपलीखाली त्यांनी मला वैताग दिला होता. निळ्या बुटकीवर बसेनात, पसरीवरही बसेनात. कुंपणाच्या फटीत उगवणारं ते लव असलेलं रोप, ज्याला आपण नावसुद्धा दिलं नव्हतं, त्याचं एक पान टोपलीत चुकून आलं होतं, त्याच्याकडे सरकत होत्या. मी म्हटलं, गोंधळल्यात, आणि त्यांना बाजूला काढलं. गोंधळल्या नव्हत्या. आधीचं झाड नको, नंतरचंही नको, तिसरंच काहीतरी त्यांनी शोधलं होतं. माझ्या प्रश्नाला मला कधी सुचलं नसतं असं उत्तर त्या देत होत्या. अगदी मूठभर होत्या. पण होत्या.

आणि त्यांच्यात तू तुझी खोकी ओतलीस. त्या मूठभरांनी तुझ्या टेकडीवाल्यांशी जोड्या जमवल्या, आणखी कुणाशी जमवणार? पुढच्या वसंतात सगळी सरमिसळ. आता माळावर निव्वळ जुनी अशी एकही नाही, आणि त्या रोपाकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी गेल्या महिन्यात कुंपणाला गुडघे टेकवून पान अन् पान उलटून बघितलं. ती तगली असती की नाही? मला माहीत नाही. कदाचित पुढच्याच थंडीत मेली असती. मेली असती तर तेही मला कळलं असतं. आता हे कुणालाच कधीच कळणार नाही. तू नेमकं काय बुजवलंस ते तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. तिथे भोक नव्हतंच. तिथे काहीतरी उगवत होतं.

दादाने काल फोन केला. तू त्याच्याकडे रडलीस वाटतं. म्हणतो, आईचं वय बघ, तिने प्रेमापोटी केलं, किड्यांपायी आईला बोलतेस का. या 'प्रेमापोटी'ने माझं डोकं फिरतं. प्रेमापोटी आहे म्हणूनच तर मला धड भांडताही येत नाही! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला त्या माळावरून फरफटत नेलं असतं. तुझं प्रेम असं आहे की त्यात समोरच्याचं काही मोडू द्यायचंच नाही, मग ते त्याला हवं असो वा नसो. मला माझं वाईट वाटून घ्यायचा हक्क होता. तो काढून घेण्याआधी तू मला विचारायला हवं होतंस. मी आता काही तुझ्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळणारी पोर नाही.

आणि मग तू वर मला सल्ला दिलास. वाऱ्याने आली म्हण, म्हणालीस. टेकडी काही फार लांब नाही, वारा त्याच बाजूचा असतो, कोण विचारायला येतंय. आई, तू खोटं बोलण्यात इतकी तरबेज कधी झालीस? मोठ्या साहेबांनीही असाच एक मार्ग सुचवला, जरा सुसंस्कृत भाषेत. ते म्हणाले, लेख मागे घ्यायचा तर घ्या, पण त्यात लिहा की अज्ञात व्यक्तीने बाहेरची फुलपाखरं सोडल्याचं निदर्शनास आलं आहे. प्रकरण मिटलं. भिंगवाल्यानेही मान डोलावली, तुझ्या हातचं खाल्लेलं आहे ना त्याने. दोन दिवस मी तो कागद तसाच ठेवून त्याच्याभोवती फिरत होते. अज्ञात व्यक्ती. म्हणजे कुणीतरी खोडसाळ, कुणीतरी माझ्या वाईटावर टपलेलं, असंच वाचणाऱ्याला वाटणार. तसं नव्हतं. आणि जे नव्हतं ते मी एकदा छापून बसले आहे, दुसऱ्यांदा छापणार नाही. म्हणून आज सकाळी मी ते शब्द काढले आणि लिहिलं, ही फुलपाखरं लेखिकेच्या आईने सोडली. एवढंच, कारण दिलेलं नाही. साहेब म्हणाले, कारण नको का द्यायला? मी म्हटलं, आई म्हटल्यावर कारण कोण विचारतं. ते पुढच्या अंकात छापून येईल. लोक हसतील, कुणी तुला फोनही करतील. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. माझा राग गेलेला नाही, आणि तो लवकर जाईल असं धरून चालू नकोस. पण माझ्यापुरती तू अज्ञात व्यक्ती नाहीस.

तुझीच, आणि आता तसं छापूनही येणार आहे,

ठमी